पासपोर्ट मिळाल्यानंतर

२०१६ चा उन्हाळा. लेस्टरमधल्या घरांच्या खिडक्यांत अजून निळे झेंडे लटकत होते, कारण मे महिन्यात आमच्या संघानं प्रीमियर लीग जिंकली होती. (आमच्याच म्हणायचं. ऑफसाइड कशाला म्हणतात ते मला आजही कळत नाही, तो भाग वेगळा.) जूनमध्ये ब्रेक्झिटचा कौल लागून गेला होता आणि गावात एक विचित्र शांतता होती, जो तो दुसऱ्याकडे बघून यानं कुठे फुली मारली असेल याचा अंदाज घेत होता. मी मार्केटमध्ये कोथिंबिरीच्या जुड्या उलट्यापालट्या करत उभी होते. मागे दोन पोरं कचाकचा भांडत होती. सोळाएक वर्षांची मुलगी, करड्या रंगाचा हिजाब, आणि तिच्यापेक्षा लहान, फोन छातीशी घट्ट धरलेला भाऊ. भांडण त्या फोनवरून आहे हे कळायला भाषेची गरज नव्हती, पण भाषा कुठली तेच कळेना. घशातून खरखरत येणारे शब्द. आधी वाटलं अरबी, मग वाटलं जर्मन. आई शेजारच्या गाड्यावर केळी घेत होती. तिनं मागे वळूनही न बघता त्याच भाषेत एक वाक्य फेकलं आणि दोघं चिडीचूप. मला राहवेना, विचारलंच. "डच," ती म्हणाली. "सोमालीत रागावलं तर हसतात. इंग्लिशमध्ये रागावलं तर उलट उत्तर देतात." आणि केळी पिशवीत घालून निघून गेली.

घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. सोमाली माणूस आणि युरोप म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या मनात एकच चित्रपट लागतो. वाळवंट, लिबिया, हवा भरलेली बोट, नारिंगी जाकिटं, काठावर ब्लँकेट पांघरून बसलेली माणसं. मग तंबू, मग रांग, मग एक शिक्का. शिक्का बसला की चित्रपट संपतो आणि आपण उठतो. पुढे ही माणसं काय करतात, कुठे राहतात, कशावरून कुरकुरतात, हे कुणी विचारत नाही. आणि इथे एक बाई होती जिच्याकडे शिक्काही होता, पासपोर्टही होता, तोही हॉलंडसारख्या सुखवस्तू देशाचा. ते सगळं सोडून ती लेस्टरला आली होती! भिंतींना ओल धरणाऱ्या, एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांच्या या गावात. स्वखुशीनं.

का?

तिची पुन्हा गाठ पडली ती दिवाळीच्या तोंडावर. मला धूप हवा होता. बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानांत मोगरा, चंदन, अगदी चॉकलेटच्या वासाच्या उदबत्त्या मिळतात, पण निखाऱ्यावर टाकायचा साधा धूप मिळेना. कुणीतरी हायफील्ड्स भागातल्या एका सोमाली दुकानाचा पत्ता दिला. अरुंद, लांबट दुकान. पुढे हँगरवर काळे-जांभळे अबाया, मग अत्तरांच्या बाटल्यांचं कपाट, फोनची कार्डं, एका काचेत तळलेले सांबूस, आणि अगदी मागे काउंटरवर एक खिडकी, परदेशी पैसे पाठवायची. वास इतका दाट होता की तो जणू कपड्यांना हात लावत होता. जळक्या साखरेचा, वेलदोड्याचा, नव्या पॉलिस्टरचा. गल्ल्यावर तीच बसली होती. मला बघून म्हणाली, "कोथिंबीर." बरणीतला काळा, चिकट, साखरेत शिजवलेला ऊनसी तिनं बाजूला सारला आणि खालच्या खणातून फिकट पिवळे, खड्यांसारखे तुकडे काढले. "हा घे, सिस्टर. तो दुसरा पाहुण्यांसाठी असतो. हा देवासाठी चालेल." कुठल्या देवासाठी, ते तिनंही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

हा धूप मुंबईला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात सोमाली किनाऱ्यावरून एडनमार्गे मुंबईच्या बाजारात त्याची पोती यायची आणि तिथून पुढे चीनला, युरोपला जायची. एडन तर १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यातच होतं. समोरचा सोमाली किनाराही इंग्रजांनी घेतला तेव्हा सुरुवातीला त्याचा कारभार एडनवरूनच चालायचा. आमच्या गावच्या खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातली निम्मी माणसं बोटीवर असायची. त्यातले एक चाचा सारंग होऊन निवृत्त झालेले, संध्याकाळी जेटीवर बसून आम्हा पोरांना बंदरं सांगायचे. लंडनपेक्षा त्यांना एडन जास्त आठवायचं. बोट थांबली की सोमाली पोरं पोहत यायची, वर डेकवरून साहेब लोक नाणी फेकायचे, आणि पोरं बुडी मारून नाणं गालात धरून वर यायची. "शार्क आसायचे गो बाय तिथे," चाचा म्हणायचे, "पन पोरां भीत नव्हती." मग थोडं थांबून, "भीत आसतीलही. सांगतो कोन." त्यातलीच काही पोरं मोठी होऊन इंग्रजांच्या आगबोटींच्या भट्ट्यांवर कोळसा टाकायला चढली आणि कार्डिफ, लिव्हरपूल, साउथ शील्ड्सला उतरली. युरोपातले जुने सोमाली ते हे. निर्वासित नव्हेत, खलाशी. आपल्या कोकणातल्या खलाशांचे सहप्रवासी म्हणायला हरकत नाही.

त्यांच्यातल्या एकाचं नाव मला कार्डिफला गेल्यावर कळलं. महमूद मत्तान. हर्गेसाचा, बोटीवर काम करणारा, टायगर बे भागात राहणारा, वेल्श बायकोचा नवरा, तीन मुलांचा बाप. १९५२ मध्ये एका दुकानदार बाईच्या खुनाबद्दल त्याला पकडलं. त्याच्या स्वतःच्या वकिलानं कोर्टात त्याला 'अर्धवट रानटी' अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं, ते बचाव म्हणून! ३ सप्टेंबरला फाशी. १९९८ मध्ये कोर्टानं ती शिक्षा चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये, सत्तर वर्षांनी, पोलिसांनी माफी मागितली. ज्या देशाच्या बोटींची भट्टी पेटती ठेवली त्या देशानं असा हिशेब केला. मी हे दुकानात सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "आम्हाला माहीत आहे तो." 'आम्हाला' म्हणताना तिनं मागच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांकडेही हात केला.

तिची स्वतःची गोष्ट तिनं एकदम कधी सांगितली नाही. तुकड्यातुकड्यांनी आली, गिऱ्हाइकं येता-जाताना. १९९१ च्या जानेवारीत सियाद बर्रेची राजवट कोसळली आणि मोगादिशूत घराघरातून गोळ्या सुटायला लागल्या तेव्हा ती कॉलेजात होती. नैरोबी, मग काही वर्षांनी हॉलंड. ते सगळं तिनं दोन वाक्यांत उरकलं. निर्वासित केंद्राबद्दल मात्र भरभरून बोलली. सपाट कुरणांच्या मधोमध, चारी बाजूंना गाई, आणि कामच नाही. काम करायची परवानगी नाही, शिकायची परवानगी नाही, फक्त वाट बघायची. "युद्धात मी रडले नाही," ती म्हणाली, "त्या गाईंकडे बघून रडायचे." मग कागद आले, टिलबर्गला घर मिळालं, उबदार, कोरडं, मागे छोटी बाग. सव्विसाव्या वर्षी ती सायकल शिकली, लांब झग्यात, शेजारच्या डच आजींनी मागून धरलेली. त्या आजींबद्दल ती अजूनही हळवी होते. पाच-सहा वर्षांत पासपोर्ट. नवरा गोदामात, ती शाळेच्या स्वयंपाकघरात. यात लेस्टर कुठे बसतं?

मग हळूहळू हवा बदलली. २००२ मध्ये इस्लामवर तुटून पडणाऱ्या पिम फोर्टाऊन या पुढाऱ्याचा खून झाला, २००४ मध्ये थिओ व्हान गॉग या सिनेमावाल्याचा. इस्लामवर टीका करणारी, मूळची सोमाली अयान हिरसी अली खासदार होती, रोज टीव्हीवर, आणि ओळखीपाळखीचा प्रत्येक माणूस हिला विचारायचा, तुझं काय मत? "मला तिच्याबद्दल मतच नव्हतं. मला भाजी आणायची होती." पुढे २००६ मध्ये त्याच अयानच्या आश्रयाच्या अर्जातल्या खोट्या नावाचं प्रकरण निघालं, तिचं नागरिकत्वच धोक्यात आलं आणि त्या वादात सरकार पडलं. तेव्हा सोमाली घराघरांतून आपापले जुने कागद पुन्हा काढून बघितले गेले. युद्धातून पळताना कुणाकडे जन्मदाखला असतो? पळणाऱ्यानं नाव बदलणं, वय बदलणं ही तिथली नवलाई नव्हे. इंग्लंडचा लाडका धावपटू मो फाराहसुद्धा दुसऱ्याच मुलाच्या नावावर या देशात आणला गेला होता, हे त्यानं २०२२ मध्ये सांगितलं तेव्हा दुकानात कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य एवढंच की तो बोलला.

पण हॉलंड सोडायचं खरं कारण राजकारण नव्हतं. कारण एक परीक्षा होती. तिथे बाराव्या वर्षी मुलांची चाचणी होते, शिक्षक सल्ला देतात, आणि मूल कुठल्या रुळावर जाणार ते जवळजवळ तिथेच ठरतं. विद्यापीठाकडे जाणारा एक रूळ, हातातल्या कामाकडे जाणारा दुसरा. मुलीला गणितात चांगले मार्क होते, तरी सल्ला आला खालच्या रुळाचा. "बाई म्हणाल्या, ती किती प्रेमळ आहे, म्हाताऱ्यांची छान सेवा करेल. आणि हे त्या प्रेमानं म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते." सोमाली मुलांच्या वाट्याला हा सल्ला फार येतो, अशी तिच्या ओळखीतल्या सगळ्यांची तक्रार होती. बहीण आधीच लेस्टरला आलेली होती. २००० नंतर हजारो डच सोमाली असेच इथे आले, एकाच्या मागे एक, सेंट मॅथ्यूज आणि हायफील्ड्समध्ये. इथे मशीद चालत जाण्याच्या अंतरावर होती. इथे भजी तळायला आधी तीन सर्टिफिकेटं लागत नव्हती. मुख्य म्हणजे इथे कुणी बाराव्या वर्षी मुलीच्या कपाळावर काही लिहीत नव्हतं. २०१२ मध्ये त्यांनी एक व्हॅन भाड्यानं घेतली, खोके भरले आणि समुद्र ओलांडला. बोटीनं. तिकीट काढून. वाटेत मुलांनी चिप्स खाल्ल्या.

हे ऐकताना मला पुण्यातल्या कितीतरी आया आठवल्या. मुलाच्या अ‍ॅडमिशनसाठी घर बदलणाऱ्या, शहर बदलणाऱ्या, नवऱ्याला बदली मागायला लावणाऱ्या. त्यांना आपण जिद्दी म्हणतो.

आता थोडं माझ्या मनातल्या कडवटपणाबद्दल, कारण तो होता, आणि अधूनमधून अजूनही डोकं वर काढतो. मी या देशात आले ती क्षयाचा एक्स-रे काढून, इंग्रजी येतं याची परीक्षा देऊन, व्हिसाची फी भरून, वर आरोग्यसेवेचा वेगळा आकार भरून. आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कुणीतरी 'आपण टॅक्स भरतो आणि हे रेफ्युजी' या चालीवर काहीतरी टाकतं, आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागते. मी अंगठा देत नाही, पण विरोधही करत नाही. पोळ्या करायच्या असतात. गंमत म्हणजे ही बाई इथल्या कायद्याच्या लेखी रेफ्युजी कधी नव्हतीच. ती युरोपियन नागरिक म्हणून आली होती, कुणाच्याही परवानगीशिवाय. कागदावर ती माझ्याहून वरच्या वर्गाची प्रवासी. पण बसमध्ये मी पाहिलंय. तिच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते. माझ्या शेजारची त्या मानानं लवकर भरते.

आणि कुरकुर फक्त गोऱ्यांची नसते. बेलग्रेव्ह रोडवरचे काही गुजराती आजोबा 'या सोमाल्यां'बद्दल जे बोलतात ते मी या कानांनी ऐकलंय. गल्ल्या घाण करतात, दहा-दहा एका घरात राहतात, भत्त्यावर जगतात. १९७२ मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: आमच्या गावी येऊ नका, घरं नाहीत, शाळांत जागा नाही, दवाखाने भरलेत. ती जाहिरात वाचूनही जे आले, काही म्हणतात ती वाचूनच गावाचं नाव कळलं म्हणून आले, तेच हे आजोबा. आज दिवाळीच्या रोषणाईला नगरपालिका त्यांचेच गोडवे गाते. पन्नास वर्षांनी सोमाल्यांचेही गातील, आणि तेव्हा सोमाली आजोबा बाकावर बसून आणखी कुणाबद्दल तरी हेच बोलतील, याबद्दल मला फारशी शंका नाही.

दुकानाचा खरा जीव मागच्या खिडकीत आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिथे रांग लागते. टॅक्सीवाले, सफाईवाल्या, विद्यार्थी. शंभर डॉलर मोगादिशूला, दीडशे नैरोबीतल्या ईस्टलीला, पन्नास कुठल्याशा छावणीत. नाव, फोन नंबर, नोटा, आणि काही मिनिटांत तिकडे कुणाच्या तरी हातात पैसे. सोमालियात अनेक घरांची चूल यावर पेटते. परदेशातून वर्षाला अब्जाहून जास्त डॉलर जातात. आपल्याला हवाला म्हटलं की जैन डायरी आठवते, अमेरिकेला २००१ च्या नोव्हेंबरमध्ये दहशतवाद आठवला आणि त्यांनी अल-बरकात ही सगळ्यात मोठी कंपनी एका झटक्यात बंद केली. २०१३ मध्ये बार्कलेज बँकेनं अशा कंपन्यांची खाती गुंडाळायला काढली तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं, मो फाराहनंही आवाज उठवला. तिला या सगळ्या तारखा तोंडपाठ आहेत. तिच्या नवऱ्याचे, तिचे आणि तिच्या बहिणीचे मिळून एकवीस नातेवाईक या खिडकीवर अवलंबून आहेत. "फोन वाजला की आधी रक्कम मनात येते, मग माणूस," ती एकदा म्हणाली, आणि लगेच, "हे वाईट आहे ना?" मी काही बोलले नाही. आमच्याकडेही रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तब्येतीची चौकशी झाली की एक विशिष्ट शांतता पडते, ती मला माहीत आहे.

एकदा गेले तर ती गल्ल्यावर नव्हती. मागे खुर्चीत बसली होती, भोवती चार बायका, आणि कुणीतरी वहीत नावं लिहीत होतं. पुतण्या घरात कुणाला न सांगता बुराओहून निघाला होता. तिकडे पोरं अशीच निघतात, कारण सांगितलं तर आया दागिने लपवून ठेवतात. इथिओपिया, सुदान, मग लिबिया, आणि लिबियातून फोन. फोनवर तो आणि त्याच्या मागे दुसरं कुणीतरी. काही हजार डॉलर, नाहीतर. वहीत वीस-वीस, पन्नास-पन्नास पौंड जमत होते. टिलबर्ग, गोटेबर्ग, मिनियापोलिसहून मेसेज येत होते. बीजिंग ऑलिंपिकमध्ये सोमालियाकडून दोनशे मीटर धावलेली सामिया युसूफ ओमर २०१२ मध्ये याच समुद्रात बुडाली, हे त्या खोलीत प्रत्येकीला माहीत होतं, म्हणून कुणी समुद्राचं नाव काढत नव्हतं. मी वीस पौंड दिले. ते कुणाच्या हातात जातील याचा विचार तेव्हाही आला होता, आताही येतो.

तो इटलीला पोचला. तिथे बोटांचे ठसे घेतले गेले, आणि पहिल्या देशातच अर्ज या नियमानं तो तिथेच अडकला. जर्मनीला गेला, परत पाठवला गेला. सोमालियाच्या दक्षिण भागावर एकेकाळी इटलीचं राज्य होतं, पण त्याचा उपयोग एवढाच की आजोबांना थोडं इटालियन यायचं. रोममध्ये सोमालियाची जुनी वकिलात बंद पडली होती, तर तिथे काही वर्षं निर्वासितच वीज-पाण्याशिवाय राहत होते. आपल्याच देशाच्या वकिलातीत चोरून झोपणं म्हणजे काय असेल! पुतण्याबद्दल तिला कणव आहे असं समजू नका. "माझ्या वेळी शहर जळत होतं. याला काय झालं होतं? मोबाइलचं दुकान होतं त्याचं." मुलगी आईला म्हणाली, "होयो, तूही घर असताना टिलबर्ग सोडलंस." त्यावर आईनं डचमध्ये काहीतरी सुनावलं, ते कुणी मला भाषांतर करून सांगितलं नाही.

ब्रेक्झिटनंतरची वर्षं आम्ही दोघींनी फॉर्मांवर काढली. ३० जून २०२१ च्या आत तिला इथे राहण्याचा हक्क नोंदवायचा होता. तो तिनं फोनवर चेहरा स्कॅन करून घेतला, हिजाब किती मागे घ्यायचा यावर दुकानात अर्धा तास खल झाला. ब्रिटिश पासपोर्ट घ्यायचा तर डच सोडावा लागतो. माझंही तेच, भारत आणि हॉलंड, दोन्ही सरकारांना सवत खपत नाही. मी फॉर्म भरून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. ती म्हणाली, "एकदा मिळवायला इतकी वर्षं गेली, तो मी परत देऊ? आणि यांनी उद्या विचार बदलला तर?" डेन्मार्कनं सोमाली लोकांची परवानापत्रं पुन्हा तपासायला काढून काहींना परत जायला सांगितलं, हे तिच्या विसरण्यातलं नाही. लेस्टर तिला आवडतं का? नाही. घर गळतं, घरमालक फोन उचलत नाही, कचरा वेळेवर नेत नाहीत, लोक तोंडावर गोड बोलतात. डच माणूस निदान तोंडावर सांगतो म्हणे. पण मुलगी इंजिनिअर झाली. खालच्या रुळाची.

आणि आता मुलीला नोकरी लागली आहे. आइंडहोव्हनला, टिलबर्गपासून ट्रेननं अर्ध्या तासावर. भाषा येते, पासपोर्ट आहे, व्हिसा नको. कंपनीला आणखी काय हवं? आई आठवडाभर तोंड वाकडं करून बसली. मग मला म्हणाली, तुमची खूप माणसं आहेत ना तिथे, एखादी खोली मिळेल? आहेतच. आइंडहोव्हनमध्ये आपली इंजिनिअर मंडळी इतकी आहेत की गणपतीला ढोल वाजतात. माझा मावसभाऊ तिथे आहे, बाहेरून आणलेल्या कुशल लोकांना मिळणाऱ्या ३० टक्के करसवलतीवर गेलेला, वरची खोली रिकामी. मी फोन लावला. चांगली मुलगी आहे, नोकरी पक्की, शाकाहारी स्वयंपाकाची तिला अडचण नाही. "कुठली आहे?" तो म्हणाला. मी म्हटलं, टिलबर्गची. "अच्छा, म्हणजे डच." मग तिचं नाव विचारलं. मी सांगितलं. "अगं, मग मूळची कुठली?" मी म्हटलं, मूळचीच सांगतेय, तिथल्याच हॉस्पिटलात जन्मलीये, तू तिथे जाण्याच्या पंधरा वर्षं आधी. तो हसला. वहिनीला विचारून सांगतो म्हणाला.

अजून सांगतोय. मुलीनं दरम्यान प्राथमिक शाळेतल्या एका मैत्रिणीच्या ओळखीनं खोली मिळवली, चौथा मजला, सामायिक न्हाणीघर. भाडं ऐकून आईनं कपाळावर हात मारून घेतला. एवढ्यात म्हणे इथे आख्खं दुकान भाड्यानं मिळतं. पुढच्या महिन्यात ती सामान लावायला जाणार आहे. सायकल घेऊन द्यायची आहे, आणि ती सेकंडहँड कुठे चांगली मिळते ते तिला अजून पक्कं माहीत आहे.